जॉन विंडहॅम

जॉन विंडहॅम (जन्म : १० जुलै १९०३, डॉरिज, वॉरिकशायर, इंग्लंड, मृत्यू : ११ मार्च १९६९, पीटर्सफील्ड, हॅम्पशायर, इंग्लंड) हे ब्रिटिश विज्ञानकथालेखक होते. त्यांचे पूर्ण नाव जॉन विंडहॅम पार्क्स लुकास बेनन हॅरिस असे होते. 'द डे ऑफ द ट्रिफिड्स' (१९५१), 'द क्रॅकन वेक्स' (१९५३), 'द क्रिसॅलिड्स' (१९५५) आणि 'द मिडविच कुकूज' (१९५७) या त्यांच्या प्रमुख कादंबऱ्या होत. मानवी संस्कृतीवर कोसळणारे संकट आणि त्यानंतर उरलेल्या माणसांचे वर्तन हा त्यांच्या लेखनाचा मुख्य विषय आहे. अणुयुद्धानंतरच्या जगात, मनाने मनाशी बोलू शकणाऱ्या आणि म्हणून समाजाने शत्रू ठरवलेल्या मुलांची कथा सांगणारी 'द क्रिसॅलिड्स' ही त्यांच्या सर्वोत्तम कादंबऱ्यांपैकी एक मानली जाते.

प्रारंभिक जीवन

विंडहॅम यांचे वडील जॉर्ज बेनन हॅरिस हे बॅरिस्टर होते. आई गर्ट्रूड पार्क्स या बर्मिंगहॅममधील लोखंडाच्या कारखानदाराच्या कन्या होत्या. धाकटे बंधू व्हिव्हियन बेनन हॅरिस हेही पुढे लेखक झाले. कुटुंबाचे वास्तव्य बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन भागात होते. विंडहॅम आठ वर्षांचे असताना, १९११ मध्ये, आईवडील विभक्त झाले आणि ते घर मोडले. त्यानंतर दोन्ही भावांचे बालपण निरनिराळ्या निवासी शाळांत गेले. काही काळ ते डेव्हन परगण्यातील टिव्हर्टन येथील ब्लंडेल्स या शाळेत होते.

१९१८ ते १९२१ या काळात ते हॅम्पशायरमधील पीटर्सफील्डजवळच्या बिडेल्स शाळेत शिकले. मुलामुलींना एकत्र शिकवणारी आणि कडक शिस्तीपेक्षा मोकळीक देणारी ही शाळा त्या काळात वेगळी समजली जाई. तेथे ते प्रथमच रमले. या परिसराशी त्यांचे नाते आयुष्यभर टिकले आणि शेवटची वर्षे त्यांनी याच शाळेच्या जवळ काढली.

शाळा सोडल्यावर त्यांनी शेती, कायद्याचा अभ्यास, व्यावसायिक चित्रकला आणि जाहिरात असे अनेक मार्ग चोखाळून पाहिले. परंतु कशातही त्यांचा जम बसला नाही. कुटुंबाकडून मिळणाऱ्या अल्पशा रकमेवर त्यांचा बराचसा उदरनिर्वाह चाले. १९२५ च्या सुमारास ते कथालेखनाकडे वळले.

लेखनाची सुरुवात

ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या 'वंडर स्टोरीज' या अमेरिकी मासिकात मे १९३१ मध्ये 'वर्ल्ड्स टू बार्टर' ही त्यांची विज्ञानकथा जॉन बेनन हॅरिस या नावाने प्रसिद्ध झाली. त्यानंतर त्यांनी अमेरिकी आणि ब्रिटिश नियतकालिकांसाठी सातत्याने लिहिले. 'द सीक्रेट पीपल' (१९३५) आणि 'प्लॅनेट प्लेन' (१९३६) या सुरुवातीच्या कादंबऱ्या जॉन बेनन या नावाने निघाल्या. पहिलीत सहारा वाळवंटाखालील मानवसमूहाची, तर दुसरीत मंगळावरील मोहिमेची कथा आहे. 'फाउल प्ले सस्पेक्टेड' (१९३५) ही रहस्यकादंबरीही त्यांनी लिहिली. त्या काळातील साहसप्रधान विज्ञानकथांच्या साच्यातलेच हे लेखन होते. त्यातून त्यांना विशेष कीर्ती मिळाली नाही.

आपल्या लांबलचक नावातील निरनिराळे भाग उचलून टोपणनावे तयार करण्याची त्यांची पद्धत होती. जॉन बेनन, विंडहॅम पार्क्स, लुकास पार्क्स, जॉन्सन हॅरिस ही सर्व नावे त्यांचीच होत.

दुसरे महायुद्ध

महायुद्धाच्या पहिल्या वर्षांत त्यांनी लंडनमध्ये ब्रिटिश सरकारच्या माहिती मंत्रालयात टपाल व मजकूर तपासण्याचे, म्हणजे सेन्सॉरचे काम केले. शहरावरील बॉम्बहल्ले त्यांनी प्रत्यक्ष अनुभवले. पुढे ते सैन्यात दाखल झाले आणि 'रॉयल कोअर ऑफ सिग्नल्स' या संदेशवहन दलात कॉर्पोरल या हुद्द्यावर सांकेतिक संदेशांचे काम करू लागले. जून १९४४ मधील नॉर्मंडीच्या चढाईत, पहिल्या दिवसानंतर काही दिवसांनी, ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले. या काळात त्यांनी लंडनमधील ग्रेस विल्सन यांना शेकडो पत्रे लिहिली. ती पुढे त्यांच्या चरित्राचे महत्त्वाचे साधन ठरली.

युद्धापूर्वीच्या आणि युद्धानंतरच्या त्यांच्या लेखनात ठळक फरक आहे. परग्रहांवरील साहसे मागे पडली. त्यांची जागा ओळखीच्या इंग्लिश रस्त्यांनी, गावांनी आणि सुखवस्तू घरांनी घेतली. समाजव्यवस्था एका रात्रीत कोसळू शकते, हा या नव्या कथांचा पाया होता.

प्रमुख कादंबऱ्या

'द डे ऑफ द ट्रिफिड्स' १९५१ मध्ये जॉन विंडहॅम या नावाने प्रकाशित झाली. आकाशात दिसलेल्या हिरव्या उल्कावर्षावाने जवळजवळ सारी मानवजात आंधळी होते. तेलासाठी लागवड केलेल्या, चालू शकणाऱ्या आणि विषारी नांगी असलेल्या ट्रिफिड या वनस्पती त्यानंतर माणसांवर मात करू लागतात, असे तिचे कथानक आहे. अमेरिकेतील 'कॉलियर्स' या साप्ताहिकात तिचे संक्षिप्त रूप क्रमशः आले. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लेखक प्रसिद्धीस आला आणि वाचकांसाठी हेच नाव कायम झाले. 'द क्रॅकन वेक्स' मध्ये समुद्रतळाशी उतरलेले परके जीव ध्रुवीय बर्फ वितळवतात आणि समुद्राची पातळी वाढवून किनारे बुडवतात.

द क्रिसॅलिड्स

कथानक : ही कादंबरी १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये 'द क्रिसॅलिड्स' आणि अमेरिकेत 'री-बर्थ' या नावाने प्रसिद्ध झाली. क्रिसॅलिड म्हणजे फुलपाखरू बाहेर पडण्यापूर्वीची कोशावस्था. ईश्वरी कोप मानल्या गेलेल्या एका महासंकटानंतर कित्येक पिढ्यांनी कॅनडाच्या ईशान्येकडील लॅब्रॅडॉर प्रदेशात ही कथा घडते. ते संकट अणुयुद्ध होते, हे वाचकाला कळते. पात्रांना कळत नाही. किरणोत्सर्गामुळे पिके, जनावरे आणि माणसे यांत उत्परिवर्तने होतात. वॅकनुक या शेतकरी वसाहतीच्या धर्मानुसार ईश्वराच्या प्रतिमेपासून झालेला प्रत्येक बदल हे पाप असते. सदोष पीक जाळले जाते आणि सदोष जनावर मारले जाते. नवजात बालकाला निरीक्षकाचा दाखला मिळाल्याशिवाय माणूस मानले जात नाही. ज्यांना तो मिळत नाही, त्यांना निर्बीज करून फ्रिंजेस नावाच्या सीमेवरील रानात हाकलले जाते.

कथेचा निवेदक डेव्हिड स्ट्रॉर्म हा वसाहतीतील सर्वांत कट्टर माणसाचा, जोसेफ स्ट्रॉर्मचा मुलगा आहे. त्याची मैत्रीण सोफी हिच्या पायाला सहा बोटे असतात. दगडावर उमटलेल्या तिच्या ओल्या पावलामुळे हे उघडकीस येते आणि तिच्या कुटुंबाला पळ काढावा लागतो. डेव्हिडमधील वेगळेपण मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो, त्याची नात्यातील रोझालिंड आणि आणखी काही मुले परस्परांशी न बोलता मनानेच संवाद साधू शकतात. अ‍ॅक्सेल या काकाला हे समजते, तेव्हा तो त्याला ही शक्ती लपवण्याचा सल्ला देतो. तो पूर्वी खलाशी होता. दूरच्या किनाऱ्यांवर त्याने असे समाज पाहिलेले असतात, जे वॅकनुकच्या दृष्टीने विकृत आहेत. पण त्यांतील प्रत्येक जण स्वतःलाच ईश्वराची खरी प्रतिमा समजतो.

डेव्हिडची धाकटी बहीण पेट्रा हिची मानसिक शक्ती इतकी प्रचंड असते, की ती लपवणे अशक्य होते. रहस्य फुटते आणि डेव्हिड, रोझालिंड व पेट्रा फ्रिंजेसकडे पळतात. मागे राहिलेल्या दोन मुलींचा छळ होतो. पेट्राची हाक पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या सीलँड या देशापर्यंत पोहोचते. हा देश म्हणजे न्यूझीलंड. तेथील मनःसंवादी समाजाची एक स्त्री विमानाने येऊन त्यांची सुटका करते.

आशय आणि मतभेद : बहिष्कृत ठरवण्याची प्रक्रिया घरापासून कशी सुरू होते, हे या कादंबरीत तपशिलाने दाखवले आहे. येथे परका शत्रू कोठेही नाही. निरीक्षक सौम्य वृत्तीचा आहे, शेजारी नेहमीसारखे आहेत आणि शिक्षेचा आग्रह बाप धरतो. अंगावरची खूण लपवता येत नसलेली सोफी आणि मनातली खूण लपवू शकणारा डेव्हिड यांच्या वाट्याला आलेली वेगवेगळी आयुष्ये हा कथेचा कणा आहे. लपून राहणे हा बचाव असतो. त्याची किंमत मात्र रोजच्या भीतीने मोजावी लागते.

कादंबरीच्या शेवटाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सीलँडच्या विमानातून सोडलेल्या चिकट धाग्यांत अडकून पाठलाग करणारे आणि फ्रिंजेसमधील बहिष्कृत असे दोघेही मरतात. नव्या जातीने जुन्या जातीची जागा घेणे हा निसर्गनियमच आहे, असे समर्थन ती स्त्री करते. काहींच्या मते लेखकाला हे समर्थन मान्य आहे. इतरांच्या मते वॅकनुकचीच असहिष्णुता येथे नव्या भाषेत परत आली आहे आणि हा विसंवाद लेखकाने हेतुपुरस्सर वाचकासमोर ठेवला आहे. त्याच वेळी मुलांपैकी मायकेल हा मागे राहिलेल्या रेचलला सोडून जाण्यास नकार देतो आणि विमानाची वाट सोडून तिच्याकडे परततो.

नंतरचे लेखन

विलक्षण मानसिक शक्ती असलेल्या मुलांचा विषय विंडहॅम यांनी आणखी दोनदा हाताळला. 'द मिडविच कुकूज' मध्ये एका इंग्लिश खेड्यातील सर्व लोक काही काळ बेशुद्ध होतात आणि त्यानंतर तेथील स्त्रियांना सोनेरी डोळ्यांची, सामूहिक मन असलेली मुले होतात. येथे कथा मोठ्यांच्या बाजूने सांगितलेली आहे. मुले खरोखर धोकादायक आहेत आणि त्यांना शिकवणारा वृद्ध विद्वान गॉर्डन झेलाबी स्वतःसह त्यांचा नाश करतो. 'चॉकी' (१९६८) मध्ये मॅथ्यू या मुलाच्या मनात एक परका जीव बोलू लागतो. येथे निवेदक मुलाचा बाप आहे. तो भयभीत होत नाही, तर समजून घेण्याचा प्रयत्न करतो. एकाच प्रश्नाकडे या तीन कादंबऱ्या बहिष्कृत मूल, घाबरलेला समाज आणि समंजस पालक अशा तीन बाजूंनी पाहतात.

'ट्रबल विथ लाइकेन' (१९६०) मध्ये आयुष्य लांबवणाऱ्या द्रव्याच्या शोधाचे सामाजिक परिणाम, विशेषतः स्त्रियांच्या जीवनावरील परिणाम, चितारले आहेत. 'द आउटवर्ड अर्ज' (१९५९) या पुस्तकावर जॉन विंडहॅम आणि लुकास पार्क्स अशी दोन लेखकांची नावे छापली गेली. प्रत्यक्षात दोन्ही नावे त्यांचीच होती. 'द सीड्स ऑफ टाइम' (१९५६) आणि 'कन्सिडर हर वेज अँड अदर्स' (१९६१) हे त्यांचे कथासंग्रहही प्रसिद्ध आहेत.

व्यक्तिगत जीवन

विंडहॅम प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर राहत. प्रौढ वयाचा मोठा काळ त्यांनी लंडनच्या ब्लूम्सबरी भागातील पेन क्लब या क्वेकर पंथीयांशी संबंधित निवासी क्लबमध्ये काढला. शिक्षिका असलेल्या ग्रेस विल्सन याही तेथेच राहत. त्यांचे प्रेम अनेक दशकांचे होते. पण ते फारसे कोणाला माहीत नव्हते. त्या काळात इंग्लंडमधील अनेक ठिकाणी विवाहानंतर शिक्षिकेला नोकरी सोडावी लागे. १९४४ च्या शिक्षण कायद्याने ही अट रद्द झाली. दोघांनी १९६३ मध्ये, विंडहॅम साठ वर्षांचे असताना, विवाह केला आणि ते पीटर्सफील्डजवळ राहू लागले. तेथेच ११ मार्च १९६९ रोजी विंडहॅम यांचे निधन झाले.

'वेब' ही कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर १९७९ मध्ये, तर 'प्लॅन फॉर केऑस' २००९ मध्ये प्रकाशित झाली. त्यांची हस्तलिखिते आणि कागदपत्रे लिव्हरपूल विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहात आहेत. अ‍ॅमी बिन्स यांनी लिहिलेले 'हिडन विंडहॅम' हे चरित्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून विंडहॅम आणि ग्रेस यांच्या सहजीवनाची माहिती सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली.

मूल्यमापन आणि प्रभाव

लेखक आणि समीक्षक ब्रायन ऑल्डिस यांनी १९७३ मध्ये विंडहॅम यांच्या कादंबऱ्यांना सुखासीन प्रलयकथा ठरवले. जग बुडत असताना नायक मात्र मोकळ्या हॉटेलांत आणि फुकट मिळालेल्या मोटारींत आरामात असतो, असा त्यांचा आक्षेप होता. हे वर्णन फार गाजले; पण नंतरच्या अनेक अभ्यासकांना ते अपुरे वाटले. छळ, विश्वासघात आणि स्वतःच्याच कुटुंबाकडून होणारा त्याग यांनी भरलेल्या 'द क्रिसॅलिड्स' ला तर ते मुळीच लागू पडत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

'द मिडविच कुकूज' वर आधारित 'व्हिलेज ऑफ द डॅम्ड' हा चित्रपट १९६० मध्ये आला आणि १९९५ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. 'द डे ऑफ द ट्रिफिड्स' वर चित्रपट निघाला आणि १९८१ मध्ये बीबीसीने तिची दूरचित्रवाणी मालिका केली. '२८ डेज लेटर' (२००२) या चित्रपटातील निर्मनुष्य लंडनच्या आरंभीच्या दृश्यांवर याच कादंबरीचा प्रभाव आहे. जेफरसन एअरप्लेन या अमेरिकी रॉक समूहाच्या 'क्राउन ऑफ क्रिएशन' (१९६८) या गीतातील बराच मजकूर 'द क्रिसॅलिड्स' मधून घेतलेला आहे. ब्रिटन, कॅनडा आणि इतर देशांतील शाळांत ही कादंबरी दीर्घकाळ अभ्यासासाठी नेमली जात आली आहे.