पोलादाची नाडी ओळखणारी कॉन्स्टन्स

नवी मुंबईत तळोजा, रबाळे भागातल्या वर्कशॉपमधून वेल्डिंग केलेल्या टाक्या, पाइप बाहेर पडतात. सांधा गार झाला की त्यावर लाल रंग फवारायचा, मुरू द्यायचा, पुसायचा आणि वर पांढरी पावडर मारायची. केसाएवढा तडा असला तरी लाल रेघ उमटते. थंडीत वापरायचं पोलाद असेल, तर त्याच्या तुकड्याला खाच पाडून, तो गार करून, हातोड्याच्या एका घावात मोडूनही बघतात. आता गार करून मोडायचं कशासाठी? तर त्यामागे एका बाईची मोठी मेहनत आहे, मैत्रिणींनो.

कॉन्स्टन्स एलम. जन्म १८९४ चा, इंग्लंडमधला. वडील सर्जन. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात ती विज्ञान शिकली. १९१५ साली शिक्षण संपलं, पण केंब्रिज तेव्हा मुलींना पदवीच देत नसे! रीतसर पदवी द्यायला १९४८ उजाडलं. कॉन्स्टन्स मात्र धातूंच्या मागे लागली. धातू ओढला की आतले स्फटिक कसे सरकतात, हा तिचा विषय. १९२३ साली जी. आय. टेलर यांच्याबरोबर रॉयल सोसायटीच्या मानाच्या बेकेरियन व्याख्यानात तिचं नाव लागलं. पण सी. एफ. एलम ही बाई आहे हे कळल्यावर जेवणाचं निमंत्रण मागे घेऊन चॉकलेटचा डबा धाडला, असा किस्सा सांगतात.

१९२८ मध्ये जॉर्ज टिपर यांच्याशी लग्न झालं. हे आपल्याकडच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात अधिकारी होते. संसार केंब्रिजला थाटला, पण काम सुटलं नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं. अमेरिकेने २,७१० लिबर्टी जहाजं झपाट्याने बांधली. रिव्हेट ठोकायला वेळ कुणाला? सगळं वेल्डिंग. गोद्यांमध्ये हजारो बायका वेल्डर झाल्या. आणि जहाजांना तडे जाऊ लागले. जानेवारी १९४३ मध्ये शेनेक्टडी नावाचा टँकर धक्क्याला, संथ पाण्यात उभ्याउभ्या मोडला! संशय कुणावर? अर्थातच वेल्डिंगवर, घाईने शिकलेल्या नवख्या हातांवर.

केंब्रिजमध्ये हा प्रश्न टिपरबाईंकडे आला. पोलादाच्या पट्टीला दोन्ही कडांना खाचा पाडायच्या आणि वेगवेगळ्या तापमानाला ओढून तोडायची, अशी चाचणी त्यांनी बसवली. ऊब असताना पट्टी आधी ताणली जाई, मग तुटे, तुटलेला भाग तंतूंसारखा, निस्तेज. ठरावीक थंडीखाली मात्र काडकन मोडे आणि आतून चकाके. चिक्कीचा पाक कोमट असताना वाकतो, गार झाला की मोडतो ना, तसंच. उत्तर अटलांटिकच्या गारठ्यात जहाजांचं पोलादच ठिसूळ होत होतं. मुळातला दोष पोलादात होता.

वेल्डिंगचा वाटा एवढाच, की त्याने सगळं अंग सलग केलं. ठिगळांच्या गोधडीत फाटलेलं ठिगळाच्या कडेशी अडतं, सलग कापड टर्रकन फाटत जातं. रिव्हेटच्या जहाजात तडा प्लेटच्या कडेला थांबायचा, इथे तो धावत सुटला. त्यात दारांचे कोपरे चौकोनी, म्हणजे चीर सुरू व्हायला जागाच.

पुढे पोलाद सुधारलं, कोपरे गोल झाले. ती चाचणी ‘टिपर टेस्ट’ म्हणूनच ओळखली जाते. १९४९ मध्ये बाई रीडर झाल्या. इंजिनिअरिंग विभागात पूर्णवेळ काम करणाऱ्या त्या तेव्हा एकट्याच बाई! प्रोफेसर मात्र त्यांना कधी केलं नाही. १९६० मध्ये निवृत्त झाल्या, तरी सत्तरीनंतरही बॅरोच्या गोदीला सल्ला देत होत्या. शंभरी भरली तेव्हा न्यूनहॅमने त्यांच्या नावाने चेस्टनटचं झाड लावलं. डिसेंबर १९९५ मध्ये, १०१ वर्षांच्या होऊन त्या गेल्या.