कॉफी पिताना सुचलेली युक्ती आजही इंटरनेटला रस्ता दाखवते

तुम्ही मोबाईलवर रील बघता, तेव्हा तिचा डेटा छोट्या छोट्या पॅकेटमध्ये अनेक राउटर ओलांडत येतो. समोर चार रस्ते असतील तर पॅकेट कुठून पाठवायचं? अनेक मोठी नेटवर्क आपल्या आतला हा हिशोब ज्या पद्धतीने करतात, ती इंटरनेट येण्याआधीच एका डच माणसाने शोधली होती. त्यांचं नाव एड्सगर डायक्स्ट्रा.

१९३० साली रॉटरडॅममध्ये त्यांचा जन्म झाला. लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत असतानाच, १९५२ पासून ते अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित संस्थेत प्रोग्रॅमिंग करू लागले. पुढे भौतिकशास्त्र सोडून त्यांनी हेच काम धरलं. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय ‘प्रोग्रॅमर’ लिहिला, तर असा व्यवसायच नसतो म्हणून तो नाकारला गेला!

त्याच्या आदल्या वर्षी संस्थेला आपला नवा कॉम्प्युटर, आर्मॅक, लोकांना दाखवायचा होता. त्यासाठी सामान्य माणसाला कळेल असा प्रश्न हवा होता. डायक्स्ट्रांनी प्रश्न निवडला, एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कोणता? होणाऱ्या बायकोसोबत खरेदी करून दमल्यावर ते कॉफी प्यायला बसले आणि कागद-पेन न घेता वीसेक मिनिटांत उत्तर तयार झालं. ते छापून यायला मात्र १९५९ उजाडलं, कारण अशा कामाला तेव्हा कुणी फारसं गणित मानत नव्हतं.

पद्धत सोपी आहे. निघाल्यापासून सगळ्यात जवळचं ठिकाण आधी पक्कं करायचं. तिथून शेजारच्या ठिकाणांची अंतरं मोजायची. मग उरलेल्यांतलं सगळ्यात जवळचं पक्कं करायचं. असं करत सगळा नकाशा संपवायचा.

पुढे ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलने हीच पद्धत उचलली. शहरांच्या जागी राउटर आले, किलोमीटरच्या जागी प्रत्येक लिंकची ‘कॉस्ट’. दोन रस्त्यांची कॉस्ट सारखी निघाली, तर राउटर दोन्ही रस्ते लक्षात ठेवतो आणि ट्रॅफिक त्यांच्यात वाटतो. पण एकाच कनेक्शनची पॅकेट शक्यतो एकाच रस्त्याने पाठवतो, नाहीतर मागची पुढे आणि पुढची मागे पोहोचतील. एखादी लिंक तुटली, की हिशोब पुन्हा होतो.

१९७२ मध्ये डायक्स्ट्रांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ६ ऑगस्ट २००२ रोजी त्यांचं निधन झालं. तोवर, ज्या व्यवसायाची नोंद करायला सरकारी कार्यालय तयार नव्हतं, त्यावर जगभरात लाखो घरं चालत होती.