रीमान आणि त्याचे हेडमास्तर

मी गणित शिकवतो, त्यामुळे रीमानचे नाव रोजचेच. पण शाळेच्या स्मरणिकेत लिहायचे म्हटल्यावर आठवले ते त्याचे हेडमास्तर, श्माल्फुस.

बर्नहार्ड रीमान (जन्म १८२६) जर्मनीतल्या गरीब पाद्र्याचा मुलगा, कमालीचा बुजरा. ल्युनेबुर्गच्या शाळेत वर्गातले गणित त्याला पुरेना, तेव्हा हेडमास्तरांनी लजांद्रचा संख्या-सिद्धांतावरचा फ्रेंच ग्रंथ वाचायला दिला. पाने साडेआठशेच्या वर! पोराने आठवड्याच्या आत वाचून परत केला.

एखाद्या संख्येपर्यंत मूळ संख्या साधारण किती, याचा लजांद्रने नुसता अंदाज बांधला होता. १८५९ मध्ये गटिंगेनच्या या प्राध्यापकाने जेमतेम आठ-नऊ पानांच्या निबंधात ती मोजणी झीटा फलनाशी, म्हणजे ते जिथे शून्य होते त्या बिंदूंशी, जोडली. (तो निबंध समजून घ्यायला मला वर्षे लागली; सगळा समजला असे आजही म्हणणार नाही.)

१८६६ मध्ये क्षयाने तो इटलीत गेला, वय अवघे ३९. त्याच्याच वाटेने जाऊन १८९६ मध्ये आदामार आणि द ला व्हाले पूसँ यांनी लजांद्रचा अंदाज मूलतः खरा ठरवला. महत्त्वाचे सगळे शून्यबिंदू एका सरळ रेषेवर असावेत, हे रीमानचे अनुमान मात्र अजून सिद्ध व्हायचे आहे. अकरावीच्या पोरांना मी ते दरवर्षी सांगतो.