एडगर एड्रियन

एडगर एड्रियन यांचा जन्म 1889 साली लंडन येथे झाला. केंब्रिज येथे त्यांनी कीथ लुकस यांच्या मार्गदर्शनाखाली मज्जातंतूंचा अभ्यास आरंभिला. 1916 साली विमान-अपघातात गुरूंचा अंत झाला. तथापि त्यांचे अपुरे कार्य शिष्याने नेटाने पुढे चालविले.

मज्जातंतूंतील विद्युत्संदेश अतिशय क्षीण असतात. एड्रियन यांनी यंत्राच्या साहाय्याने ते कित्येक पटींनी वाढविले. 1925 साली झॉटरमन या स्वीडिश सहकाऱ्यासह त्यांनी बेडकाच्या स्नायूस वजने टांगून एकाच तंतूतील संदेश टिपले. वजन वाढविले, तरी प्रत्येक संदेश पूर्वीएवढाच राहिला. मात्र दर सेकंदास येणाऱ्या संदेशांची संख्या वाढली. ताण थोडा की फार, हे तंतू संदेशाच्या आकाराने नव्हे, तर संख्येने कळवितो, हे सिद्ध झाले.

1932 साली त्यांना शेरिंग्टन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. 1977 साली ते निवर्तले, तेव्हा गुरूंचे ऋण केव्हाच फिटले होते.