विश्लेषण : रोजचे वजन लिहून ठेवल्याने ते उतरते का? अमेरिकी अध्यक्ष टाफ्ट यांच्या नोंदी काय सांगतात?

सकाळी काट्यावर उभे राहायचे, आकडा टिपून ठेवायचा आणि आठवड्याने तो डॉक्टरांना कळवायचा. आज हे काम मोबाइलमधले ॲप करते. १९०५ मध्ये ते टपालाने आणि आगबोटीने होत असे. अमेरिकेचे तेव्हाचे युद्धमंत्री विल्यम हॉवर्ड टाफ्ट आपले वजन वॉशिंग्टनहून लंडनच्या डॉक्टरांना कळवत. पुढे ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या वजनाची चढउतार मात्र आयुष्यभर सुरू राहिली.

टाफ्ट कोण होते?

जन्म १८५७ चा, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचा. येल विद्यापीठातून ते बाहेर पडले तेव्हाच वजन ११० किलोच्या घरात होते. वकिली, न्यायाधीशपद, फिलिपिन्सचे गव्हर्नरपद आणि मग युद्धमंत्रिपद, असा चढता प्रवास. अध्यक्षपद आणि सरन्यायाधीशपद ही दोन्ही पदे भूषवणारे ते आजवरचे एकमेव अमेरिकी. पण सामान्य अमेरिकी माणसाच्या लक्षात राहिले ते सर्वांत वजनदार अध्यक्ष म्हणून. व्यंगचित्रकारांना तर ते वरदानच होते.

लंडनच्या डॉक्टरांकडे का जावे लागले?

१९०५ च्या अखेरीस टाफ्ट यांचे वजन ३१४ पौंड, म्हणजे सुमारे १४२ किलो झाले. छातीत जळजळ, अपचन, थकवा आणि तुटक झोप अशा तक्रारी होत्या. बैठकीत, जेवणाच्या टेबलावर, बोलता बोलता त्यांचा डोळा लागे. झोपेत श्वास अडकण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, त्यांना असावा असा आजच्या काही डॉक्टरांचा कयास आहे. त्या काळी या आजाराला नावही नव्हते. आळशी आणि खादाड म्हणून माणसाला हसून सोडून देत. टाफ्ट यांनी मात्र हा उपचाराचा विषय मानला आणि स्थूलपणावर पुस्तक लिहिणारे लंडनचे डॉ. नॅथॅनियल यॉर्क-डेव्हिस यांना पत्र लिहिले.

डॉक्टरांनी काय सांगितले?

काय खायचे आणि काय वर्ज्य, याची यादीच आली. सकाळी आठला लिंबू पिळलेले गरम पाणी, तेही घोट घोट. (आपल्याकडच्या लिंबूपाणीप्रेमींना हे ओळखीचे वाटेल.) नऊला बिनसाखरेचा चहा किंवा कॉफी, ग्लुटेनची दोन-तीन बिस्किटे आणि मोजून सहा औंस, म्हणजे १७० ग्रॅम कमी चरबीचे मांस. दुपारी मांस त्याहून कमी, सोबत बिनलोण्याच्या उकडलेल्या भाज्या. साखर बंद.

पण यादीपेक्षा महत्त्वाची होती दुसरी अट. रोज वजन करायचे, लिहून ठेवायचे आणि दर आठवड्याला कळवायचे. अटलांटिक ओलांडून पत्र पोहोचेपर्यंत आकडा जुना झालेला असे. तरीही पत्र जायचे आहे, ही जाणीव टाफ्ट यांना दर सकाळी काट्यावर उभी करत होती.

वजन किती उतरले?

एप्रिल १९०६ पर्यंत ते २५५ पौंडांवर, म्हणजे ११६ किलोच्या आसपास आले. पाच महिन्यांत सुमारे २७ किलो. कपडे ढगळ झाले, शिंप्याचे काम वाढले, प्रकृती उत्तम असल्याचे त्यांनी डॉक्टरांना कळवले. त्याबरोबर एक कबुलीही होती : भूक सतत लागलेली असते. खरे तर पुढे काय होणार, याचे उत्तर या एका वाक्यातच होते.

मग ते परत का वाढले?

हळूहळू पत्रे विरळ झाली. उत्तर येईना तेव्हा डॉक्टरांनी टाफ्ट यांच्या मित्रांना आणि नातेवाइकांना पत्रे लिहून वजनाची चौकशी सुरू केली. दौरे, मेजवान्या आणि १९०८ ची निवडणूक यांत जुन्या सवयी परतल्या. मार्च १९०९ मध्ये अध्यक्षपदाची शपथ घेताना वजन ३५४ पौंड, म्हणजे १६० किलोहून अधिक होते. जिथून सुरुवात केली त्याच्याही १८ किलो वर.

याचा दोष टाफ्ट यांच्या इच्छाशक्तीला देणे सोपे आहे. पण वजन उतरले की शरीर भूक वाढवून ते भरून काढू पाहते, हे आज ठाऊक आहे. नियमित वजन करणाऱ्यांचे वजन जास्त उतरते आणि उतरलेले टिकते, असे अलीकडच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण काटा स्वतः काही घटवत नाही. एक-दीड किलोची रोजची वर-खाली बहुतेक वेळा पाण्याची असते; तीन-चार किलोची वाढ लवकर दिसते आणि लगेच ताट बदलता येते, एवढाच त्याचा उपयोग. नोंद थांबते तेव्हा नेमकी हीच सूचना मिळेनाशी होते.

बाथटबची गोष्ट खरी का?

टाफ्ट टबमध्ये अडकले आणि त्यांना ओढून काढावे लागले, या किश्शाला विश्वासार्ह पुरावा नाही. त्यांच्यासाठी खास मोठा टब बनवला होता, हे मात्र खरे. त्यात चार माणसे आरामात बसल्याचे छायाचित्रही आहे.

पुढे काय झाले?

१९१२ ची निवडणूक टाफ्ट यांनी सपशेल गमावली. फक्त दोन राज्ये हाती लागली. १९१३ मध्ये ते येलला प्राध्यापक झाले आणि आहार पुन्हा सुरू केला. वर्षभरात साठ पौंडांहून अधिक वजन गेले, दिवसाची गुंगी ओसरली, रक्तदाबही उतरला. १९२१ मध्ये त्यांना मनापासून हवे असलेले सरन्यायाधीशपद मिळाले. घरापासून न्यायालयापर्यंतचे तीन मैल ते बऱ्याचदा चालत जात. वाटेत रॉक क्रीकवरचा पूल लागे. त्या पुलाला आज टाफ्ट यांचेच नाव आहे.

१९२९ मध्ये त्यांचे वजन २४४ पौंड, म्हणजे ११० किलो भरले. येलमधून पदवी घेतली तेव्हा होते, जवळपास तितकेच. हृदय मात्र थकले होते. ८ मार्च १९३० रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.