ल्युसी विल्स: मुंबईतल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचं कोडं उलगडणारी डॉक्टर

गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणारी लाल गोळी बहुतेक घरांना माहीत असते. तिला सगळे 'लोहाची गोळी' म्हणतात. पण तिच्यात लोहासोबत आणखी एक घटक असतो, फॉलिक ॲसिड. तो घटक या गोळीत आला, त्याची सुरुवात जवळपास शंभर वर्षांपूर्वी मुंबईत झाली होती. ती करणाऱ्या डॉक्टरचं नाव होतं ल्युसी विल्स.

पदवी न देणारं विद्यापीठ

ल्युसीचा जन्म 10 मे 1888 रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डला झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात तिने वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. 1911 मध्ये ती परीक्षा उत्तीर्ण झाली, पण पदवी मिळाली नाही. त्या काळी केंब्रिज बायकांना परीक्षेला बसू द्यायचं, पदवी मात्र द्यायचं नाही. हा नियम बदलायला 1948 उजाडलं.

1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ती दक्षिण आफ्रिकेत होती. तिथल्या रुग्णालयात काही आठवडे तिने स्वयंसेविका म्हणून काम केलं. परतल्यावर तिने 'लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन'मध्ये प्रवेश घेतला. मुंबईच्या डॉ. रखमाबाई काही वर्षांपूर्वी याच संस्थेतून डॉक्टर झाल्या होत्या. 1920 मध्ये ल्युसी डॉक्टर झाली, पण दवाखाना थाटण्याऐवजी तिने प्रयोगशाळा निवडली.

मुंबईतलं कोडं

1928 मध्ये भारतात बाळंतपणातल्या मृत्यूंची मोठी चौकशी सुरू होती. त्या कामासाठी ल्युसी मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागली.

मुंबईतल्या अनेक गरीब बायकांना गरोदरपणात तीव्र रक्तक्षय व्हायचा. त्यात कित्येक जणी दगावायच्या. हा साधा, लोह कमी पडल्याने होणारा रक्तक्षय नव्हता. लोह कमी पडलं की रक्तातल्या लाल पेशी लहान आणि फिकट होतात. या बायकांच्या लाल पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत होत्या. म्हणजे लोह देऊन हा आजार हटणार नव्हता.

ल्युसीने आधी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. धागा जुळला नाही. मग तिने बायकांच्या राहणीची आणि रोजच्या जेवणाची पाहणी केली. कोण काय खातं, किती खातं, भाजी-फळं मिळतात का, याच्या नोंदी झाल्या. या कामात भारतीय महिला सहकारीही होत्या. चित्र स्पष्ट होत गेलं. ज्यांच्या ताटात प्रथिनं, भाज्या आणि फळं सर्वात कमी, त्या गरीब घरांतल्या, विशेषतः गरीब मुस्लिम बायकांमध्ये हा आजार जास्त होता.

माकडं आणि मार्माइट

संशय आहारावर होता, आता पुरावा हवा होता. तमिळनाडूतल्या कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ल्युसीने आधी उंदरांवर प्रयोग केले. पण उंदरांमध्ये एका वेगळ्याच संसर्गानेही रक्त कमी व्हायचं, त्यामुळे निष्कर्ष निघेना. मग माकडांना मुंबईतल्या त्या बायकांसारखाच निकस आहार दिला गेला. माकडांना तसाच रक्तक्षय झाला. त्यांना मार्माइट दिल्यावर ती सुधारू लागली.

मार्माइट म्हणजे यीस्टपासून बनवलेला काळपट, खारट, दाट पदार्थ. बीअर बनवताना उरलेल्या यीस्टपासून तो तयार होतो. इंग्लंडमध्ये लोक तो पावाला लावून खातात. तेव्हा अशा रक्तक्षयावर यकृताचा अर्क वापरला जायचा, पण तो महाग होता. मार्माइट स्वस्त होतं.

रुग्ण बायकांना मार्माइट दिल्यावर त्यांच्या रक्तात नव्या लाल पेशी भराभर तयार होऊ लागल्या. 1931 मध्ये ल्युसीने हे निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमधला नेमका कोणता घटक काम करतो हे तिला माहीत नव्हतं. त्या अनोळखी घटकाला पुढे 'विल्स फॅक्टर' हे नाव पडलं.

1941 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक जीवनसत्त्व वेगळं केलं. पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटलं गेलं. 1945 मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. शरीरात नव्या पेशी तयार व्हायला हे जीवनसत्त्व लागतं. पोटात बाळ वाढत असताना त्याची गरज वाढते, आणि मुंबईतल्या त्या बायकांच्या ताटात नेमकं तेच नव्हतं.

मग लोहाचं काय?

ल्युसीने लोहाकडे दुर्लक्ष केलं नाही. दुसऱ्या महायुद्धात, रेशनवर जगणाऱ्या इंग्लंडमध्ये, गरोदर बायकांना रोज लोह दिल्याने काय फरक पडतो याचा तिने सहकाऱ्यांसोबत अभ्यास केला. बॉम्बवर्षावातही हे काम चाललं. 1947 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

निवृत्तीनंतर तिने फिजीसारख्या देशांत आहार आणि रक्तक्षयावर काम केलं. लंडनच्या चेल्सी भागात ती मजूर पक्षाची नगरसेविकाही होती. तिने लग्न केलं नाही. 16 एप्रिल 1964 रोजी तिचं निधन झालं. 2019 मध्ये तिच्या जन्मदिनी गूगलने डूडल केलं, तेव्हा अनेकांनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

आज हे का माहीत हवं?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे 54 टक्के आहे. हिमोग्लोबिन 12 ग्रॅमपेक्षा कमी, गरोदरपणात 11 पेक्षा कमी, तर तो रक्तक्षय मानला जातो.

लोहाची कमतरता हे त्याचं मोठं कारण आहे. पाळीत जाणारं रक्त, पाठोपाठची बाळंतपणं आणि अपुरं जेवण यांमुळे ती बायकांमध्ये जास्त दिसते. पण ते एकमेव कारण नाही. फॉलिक ॲसिड किंवा बी-12 कमी असेल, जंत असतील, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल, तरी हिमोग्लोबिन घसरतं. बी-12 कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आतून सुरूच राहू शकतं.

म्हणून थकवा, धाप, चक्कर, फिकटपणा याला 'बायकांचं हे चालायचंच' म्हणून सोडून देऊ नये. रक्ताची साधी तपासणी (सीबीसी) करून घ्यावी. तिच्यात हिमोग्लोबिनसोबत लाल पेशींचा सरासरी आकारही कळतो. रिपोर्टवर तो 'एमसीव्ही' या नावाने छापलेला असतो. पेशी लहान आहेत की मोठ्या, यावरून डॉक्टरांना कारणाची दिशा मिळते.

परळच्या प्रयोगशाळेतही शोध तिथूनच सुरू झाला होता. रक्त कमी आहे एवढ्यावर ल्युसी थांबली नाही. ते का कमी आहे, हे तिने त्या बायकांच्या ताटात शोधलं.