रणगाड्यांचा द्रष्टा, खेळण्यांचा सेनापती

एच. जी. वेल्स हे नाव उच्चारताच कालयंत्र, अदृश्य माणूस आणि मंगळावरून आलेले आक्रमक डोळ्यांपुढे उभे राहतात. चिमुकल्या रणगाड्यांची फौज जमवून टेबलावर लढाया खेळणाऱ्या हौशी मंडळींच्या लेखी मात्र हा लेखक त्यांचा आद्यगुरू. रणगाड्याची कल्पना आधीच रंगवणारा आणि खेळण्यातल्या युद्धाला नियम देणारा माणूस एकच असावा, हा योगायोग विलक्षण खरा. त्याहून विलक्षण म्हणजे, त्यांच्या खेळात रणगाडा कुठेच नाही.

हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधील ब्रॉम्ले येथे झाला. वडिलांचे चिनीमातीच्या भांड्यांचे दुकान जेमतेम चाले. लहानपणी पाय मोडल्याने अंथरुणावर पडून राहावे लागले आणि तेथेच वाचनाचे वेड लागले. पुढे कापडाच्या दुकानातील कंटाळवाणी उमेदवारी, मग शिष्यवृत्तीच्या बळावर लंडनमध्ये हक्सले यांच्या हाताखाली जीवशास्त्राचे शिक्षण आणि १८९५ मध्ये ‘द टाइम मशीन’ने मिळालेली कीर्ती.

डिसेंबर १९०३ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांची ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ ही कथा प्रसिद्ध झाली. खंदकांत अडकून पडलेल्या युद्धात एका पहाटे प्रचंड लोखंडी यंत्रे खंदक ओलांडत येतात आणि शूर, काटक सैन्याची दाणादाण उडवतात. यंत्रांच्या पोटातील माणसे कोणी रणमर्द नव्हेत. कारखान्यात पाळी करावी तशी ती शांतपणे आपले काम उरकतात. कथेचा खरा दंश येथेच आहे.

धाकटा मुलगा फ्रँक याचा जन्मही त्याच सुमाराचा. थोरला जॉर्ज दोन वर्षांचा होता. ही मुले मोठी होऊ लागली तशी घरातील जमीन लाकडी ठोकळ्यांची गावे आणि शिशाचे सैनिक यांनी भरून गेली. त्यातून १९११ मध्ये ‘फ्लोअर गेम्स’ आणि १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ ही पुस्तके निघाली. प्रशियाच्या लष्करात नकाशावरील युद्धखेळ शतकभरापूर्वीपासून रूढ होता. परंतु तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा विषय. वेल्स यांनी तो घरात आणला.

या खेळाचा आरंभ एका खेळण्यातील तोफेपासून झाला. कमानीच्या जोरावर लाकडी दांडी फेकणाऱ्या या तोफेने नेम धरून सैनिक आडवा करता येई. जेवणानंतर एका मित्राने, म्हणजे विनोदी लेखक जेरोम के. जेरोम यांनी, असाच नेमबाजीचा उद्योग आरंभला आणि वेल्स यांना नियमांची गरज जाणवली. मग पायदळाने एका खेपेस एक फूट सरकावे, घोडदळाने दोन फूट. तोफ डागायला वा हलवायला तिच्याजवळ किमान चार सैनिक हवेत. प्रत्येक चाल ठरलेल्या मिनिटांत संपवावी. फाशांना त्यांनी थारा दिला नाही. तोफेचा नेम लागला तर लागला! चार माणसांचा नियम तर फारच मार्मिक: तोफ शाबूत, पण गोलंदाज पडले की ती निव्वळ ओझे.

पुस्तकाच्या अखेरीस त्यांनी खऱ्या युद्धाला हा खेळ हाच उतारा असल्याचे कळकळीने मांडले. वर्षभरातच महायुद्ध पेटले आणि याच वेल्स यांनी जर्मनीविरुद्धच्या लढ्याचे समर्थन करीत, हे युद्ध युद्धांचाच अंत करील, असा विश्वास लोकांना दिला. तो विश्वास त्यांच्या नावाला पुढे कायमचा चिकटला.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर ब्रिटिश रणगाडे प्रथम लढाईत उतरले. अनेक वाटेतच बंद पडले. त्या वर्षी आघाडीचा दौरा केलेल्या वेल्स यांनी पुढच्या वर्षीच्या पुस्तकात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. चर्चिल यांनीही रणगाड्याच्या इतिहासात १९०३ च्या त्या कथेची दखल घेतली.

दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षाव होत असतानाही वेल्स लंडनमध्येच राहिले. १३ ऑगस्ट १९४६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या खेळात रणगाडे आणले ते पुढच्या पिढीने. महायुद्धात रणगाडा दलात सेवा केलेल्या डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ १९६२ मध्ये निघाले. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या लढायांचे नियमही होते. त्याच दशकात एअरफिक्सचे प्लास्टिकचे रणगाडे स्वस्तात मिळू लागले. सुटे भाग चिकटवायचे, रंगवायचे, पट्ट्यांवर चिखलाचा हात फिरवायचा, की पलटण सज्ज. रणगाड्याचे पोलाद समोरून जाड, कुशीला व पाठीला पातळ. त्यामुळे बगल देऊन मागे कसे पोहोचायचे, यातच खेळाडूचे कसब. कमानीच्या तोफेने असे पोलाद भेदले की नाही हे ठरवणार कसे? तेथे अंतर मोजून फासेच टाकावे लागले.